संशोधन, मूल्यमापन आणि सेवा : वर्धा जिल्ह्याच्या अनुभवातून नैतिक परीक्षणाचा विचार

सारांश

मानवी सहभाग असलेल्या संशोधनासाठी नैतिकता समितीची पूर्वसंमती आवश्यक असते. परंतु एखाद्या कार्यक्रमाच्या मूल्यमापनास ती नेहमीच लागते असे नाही. त्यामुळे ‘हे संशोधन आहे की मूल्यमापन?’ हा प्रश्न केवळ संज्ञेचा न राहता अधिकाराचा व उत्तरदायित्वाचा प्रश्न ठरतो. वर्धा जिल्ह्यात १९३०च्या दशकापासून लोकसेवा, प्रयोग व पाहणी या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळून घडत आल्या आहेत. प्रस्तुत लेखात कुष्ठसेवेचा इतिहास केंद्रस्थानी ठेवून, तसेच शेतकरी आत्महत्यांच्या पाहण्यांचा आधार घेऊन, या भेदाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. केवळ कर्त्याच्या हेतूवरून हा भेद ठरविणे अपुरे असून सहभागी व्यक्तीवर पडणारा भार, तिला मिळणारा लाभ आणि तिच्या माहितीचा पुढील प्रवास यांचा विचार आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : नैतिक परीक्षण, कार्यक्रम मूल्यमापन, सूचित संमती, कुष्ठरोग नियंत्रण, वर्धा जिल्हा

१. प्रस्तावना

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द फार व्यापक आहे. नाटकाचा प्रयोग होतो, प्रयोगशाळेत प्रयोग होतो, शब्दाचाही प्रयोग होतो. महात्मा गांधींनी आपल्या जीवनालाच सत्याचे प्रयोग म्हटले. या व्यापकतेमुळे समाजकार्यात एक सोय झाली, तसाच एक घोटाळाही झाला. सेवा करताना काही नवे करून पाहणे, केलेल्या कामाचा आढावा घेणे आणि त्यातून सर्वांना उपयोगी पडेल असे ज्ञान मिळविणे या तीन भिन्न क्रिया एकाच नावाने ओळखल्या गेल्या. कार्यकर्त्याला त्यांतील भेद जाणवण्याचे कारण नव्हते. ज्याच्या दारी कार्यकर्ता जात होता, त्याला तर तो कळण्याची शक्यताच नव्हती.

आज महाविद्यालयीन प्राध्यापकांपुढे हा प्रश्न अगदी व्यावहारिक स्वरूपात उभा राहतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थी घरोघर जाऊन पाहणी करतात, समाजकार्याचे विद्यार्थी शासकीय योजनेच्या लाभार्थींच्या मुलाखती घेतात, एखादी संस्था आपल्या बचतगट कार्यक्रमाचे मूल्यमापन महाविद्यालयाकडे सोपविते. काही महिन्यांनी त्याच माहितीवर शोधनिबंध तयार होतो आणि नियतकालिकाकडून नैतिकता समितीच्या मान्यतेचा क्रमांक विचारला जातो. काम पूर्ण झाल्यावर मागील तारखेची मान्यता कोणतीही जबाबदार समिती देत नाही. मग ‘ते मूल्यमापन होते’ हे उत्तर पुढे केले जाते. हे उत्तर कधी योग्य असते व कधी केवळ पळवाट असते, हे ठरविण्याचे निकष शोधणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

२. भेदाचा उगम

संशोधन व सेवा यांत रेषा ओढण्याची गरज मुळात वैद्यकाच्या क्षेत्रात निर्माण झाली. दुसऱ्या महायुद्धातील अमानुष वैद्यकीय प्रयोगांनंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहितेने व्यक्तीची स्वेच्छा संमती अनिवार्य मानली. १९६४ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेने हेलसिंकी घोषणापत्र स्वीकारले. तथापि, अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सार्वजनिक आरोग्य विभागाने कृष्णवर्णीय पुरुषांमधील उपदंशाचा जो अभ्यास चालविला, त्याने वेगळाच धडा दिला. त्या पुरुषांना आपणांवर उपचार होत आहेत असे वाटत होते. प्रत्यक्षात पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना उपचारांपासून वंचित ठेवून रोगाची वाटचाल पाहिली जात होती. सेवेच्या रूपात संशोधन आले की सामान्य माणसाला ते ओळखता येत नाही, हा या प्रकरणाचा अर्थ आहे.

त्यानंतर नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाच्या १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेलमाँट अहवालाने सेवा आणि संशोधन यांतील सीमारेषेचा स्वतंत्र विचार केला. समोरच्या व्यक्तीच्या हितासाठी केलेली कृती ती सेवा आणि सामान्य स्वरूपाचे ज्ञान मिळविण्यासाठी रचलेली कृती ते संशोधन, असे त्याचे सूत्र होते. मात्र एखाद्या कृतीत संशोधनाचा काही अंश असेल तर तिचे परीक्षण व्हावे, असेही त्याने सुचविले. या दुसऱ्या भागाचे स्मरण पुढे फारसे ठेवले गेले नाही. पहिले सूत्र मात्र नियमांत स्थिरावले.

भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० मध्ये या विषयावरील धोरणात्मक निवेदन प्रसिद्ध केले. २००० मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आली, २००६ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली आणि २०१७ मध्ये जैववैद्यकीय तसेच आरोग्यविषयक संशोधनासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने २००० मध्ये स्वतंत्र तत्त्वे तयार झाली होती. २०१७च्या तत्त्वांत परीक्षणातून सूट मिळू शकणाऱ्या कामांची उदाहरणे दिली आहेत. त्यांत शासकीय यंत्रणांच्या सार्वजनिक आरोग्य कार्यक्रमांच्या मूल्यमापनाचा समावेश आहे. परंतु त्याला दोन अटी आहेत. कार्यक्रमाची सुधारणा किंवा देखरेख हाच त्या कामाचा एकमेव उद्देश असावा आणि त्यात व्यक्तीची ओळख पटविणारी माहिती नसावी. अर्थात, केवळ ‘मूल्यमापन’ हा शब्द लिहिल्याने सूट मिळत नाही. सूट द्यावयाची की नाही हे प्रस्ताव पाहून समितीने ठरवावयाचे असते. संशोधकाने स्वतःच ठरवावयाचे नसते.

३. वर्धा : प्रयोगभूमीची परंपरा

१९३४च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य वर्ध्याच्या मगनवाडीतून सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते. तेल, गूळ, हातकागद, धान्यदळण या उद्योगांत सुधारणा करून पाहणे आणि त्यांची आकडेवारी ठेवणे हे तेथील नित्याचे काम होते. गांधीजींनी १९३५ मध्ये मगनवाडीत सोयाबीनसह आहाराचे अनेक प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष ‘हरिजन’मधून मांडले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमची योजना पुढे आली.

या प्रयोगांचे एक नैतिक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. प्रयोग करणारा स्वतः त्या प्रयोगाचा विषय असे. आहार बदलला तर तो आधी गांधीजींच्या ताटात बदलत असे. भार आणि लाभ एकाच व्यक्तीकडे असल्याने बाह्य परीक्षणाची उणीव तितकीशी जाणवत नसे. तथापि, आश्रमवासीयांनी गांधीजींना नकार देणे कितपत शक्य होते, हा प्रश्न उरतोच. श्रद्धेच्या दबावाखाली दिलेली संमती ही पूर्ण स्वेच्छा संमती मानता येईल काय, याचा विचार आजच्या सेवाभावी संस्थांनीही करावयास हवा. नयी तालीमच्या बाबतीत तर विषय झालेली मुले स्वतः काही ठरविण्याच्या वयाची नव्हती.

४. कुष्ठसेवा : एकाच संस्थेतील दोन प्रकारची कामे

वर्धा जिल्ह्यातील कुष्ठसेवेच्या इतिहासात हा भेद सर्वाधिक स्पष्टपणे दिसून येतो. विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्रींची गांधीजींनी स्वतः केलेली शुश्रूषा सर्वश्रुत आहे. हे काम निखळ सेवेचे होते. समोरच्या रुग्णाचे हित यापलीकडे त्याला अन्य हेतू नव्हता.

१९५१ मध्ये गांधी स्मारक निधीच्या साहाय्याने गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले आणि कामाचे स्वरूप बदलले. डॉ. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली प्रतिष्ठानाने सर्वेक्षण, शिक्षण व उपचार अशी त्रिसूत्री पद्धत विकसित केली. रुग्ण संस्थेत येईल याची वाट न पाहता कार्यकर्त्यांनी गावोगाव, घरोघर जावयाचे, प्रत्येकाची तपासणी करावयाची, लोकांना रोगाविषयी माहिती द्यावयाची आणि रुग्णाला त्याच्या घरी ठेवूनच डॅप्सोनचे उपचार द्यावयाचे, असा तिचा आशय होता. रुग्णाला गावाबाहेर काढण्याच्या परंपरेला या पद्धतीने दिलेला छेद ऐतिहासिक महत्त्वाचा आहे. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत स्वीकारली.

आता प्रश्न असा की सेवाग्राम परिसरातील हे काम सेवा होती, मूल्यमापन होते की संशोधन होते? गावकऱ्यांच्या दृष्टीने ती सेवा होती. रुग्णाला उपचार मिळत होते. प्रतिष्ठानाच्या दृष्टीने पुनःपुन्हा होणारी सर्वेक्षणे हे आपल्या कामाचे मूल्यमापन होते. देशाच्या दृष्टीने मात्र एका भागात सिद्ध झालेली पद्धत सर्वत्र लागू करता येते, असे ते सामान्य ज्ञान होते. ‘सामान्य ज्ञान निर्माण करणे म्हणजे संशोधन’ हा एकच निकष लावला तर या कामाला संशोधन म्हणावे लागेल. ‘कार्यक्रमाची सुधारणा म्हणजे मूल्यमापन’ हा निकष लावला तर तेच काम मूल्यमापन ठरेल. हेतू अनेक असू शकतात आणि काळानुसार बदलूही शकतात. म्हणून हेतू हा आवश्यक निकष असला तरी तो पुरेसा नाही.

याच प्रतिष्ठानाने १९६०च्या दशकात आणखी एक काम केले. कुष्ठरोगाची लक्षणे नसलेल्या व्यक्तींना प्रतिबंधक उपाय म्हणून डॅप्सोन देऊन पाहण्यात आले. डॉ. वारदेकर यांनी या अभ्यासाचे निष्कर्ष १९६७ व १९६९ मध्ये ‘लेप्रसी इन इंडिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. येथे परिस्थिती मूलतः वेगळी आहे. औषध घेणारी व्यक्ती आजारी नाही. औषधाचे दुष्परिणाम झाल्यास ते तिला भोगावयाचे आहेत. लाभ होईल की नाही हेच शोधावयाचे आहे. शिवाय अशा अभ्यासात तुलनेसाठी औषध न मिळणारा गट लागतो. संस्था तीच, औषधही तेच. तरीही नैतिक दृष्टीने पहिले काम व दुसरे काम यांत मोठे अंतर आहे. हे अंतर कार्यकर्त्यांच्या मनातील हेतूवरून कळत नाही, कारण दोन्हीकडे हेतू कुष्ठरोगाचे निर्मूलन हाच होता. सहभागी व्यक्तीवर नव्याने कोणता भार टाकला गेला, यावरून ते कळते. त्या काळी भारतात नैतिकता समित्यांची व्यवस्था नव्हती. त्यामुळे आजच्या नियमांनी त्या काळच्या कार्यकर्त्यांना दोष देणे अनैतिहासिक ठरेल. भेदाचे स्वरूप समजण्यासाठी मात्र हे उदाहरण अत्यंत उद्बोधक आहे.

तथापि, संशोधन नसलेले पहिले काम धोक्यापासून मुक्त होते असेही नव्हे. कुष्ठरोगाच्या तपासणीसाठी अंगावरील वस्त्र दूर करावे लागे. स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष नाजूक होती. सर्वेक्षणाच्या नोंदवहीत नाव चढणे म्हणजे गावात नाव पसरण्याची शक्यता होती. १८९८च्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना पकडून ठेवण्याचा अधिकार शासनाला दिला होता. तो केंद्रीय कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात तीव्र व असाध्य स्वरूपाचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते; ते २०१९ मध्ये वगळण्यात आले. म्हणजे नोंदवहीतील एका ओळीमुळे लग्न मोडू शकत होते. ही नोंद सेवेसाठी केली, मूल्यमापनासाठी केली की संशोधनासाठी केली, याने त्या स्त्रीच्या संकटात काही फरक पडत नव्हता. परीक्षणातून सूट मिळालेल्या कामालाही गोपनीयतेचे बंधन का असावे, याचे उत्तर येथे मिळते.

५. सीमारेषेवरील दोन उदाहरणे

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात केलेला नवजात बालकांच्या घरगुती उपचारांचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ३९ गावांत हस्तक्षेप व ४७ गावे तुलनेसाठी, अशी त्याची रचना होती. गावातील प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रीने घरी जाऊन बालकाची काळजी घेणे ही सेवाच होती. परंतु तुलनेची गावे असल्याने आणि निष्कर्ष सर्वत्र लागू करण्याचा उद्देश असल्याने ते निःसंशय संशोधन होते, आणि ते संशोधन म्हणूनच मांडले गेले. त्यामुळे तुलनेच्या गावांतील बालकांबाबत संशोधकांचे कर्तव्य काय, हा कठीण प्रश्न उघडपणे विचारता आला. कामाला योग्य नाव दिल्याचा हा लाभ होय.

याउलट उदाहरण २००९–१० मधील गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीच्या प्रकल्पाचे आहे. ‘पाथ’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने आंध्र प्रदेश व गुजरात शासनांच्या सहकार्याने खम्मम व वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वर्षे वयोगटातील मुलींना ही लस दिली. लसीला आधीच परवानगी मिळालेली असल्याने हा प्रात्यक्षिक प्रकल्प असल्याचे सांगितले गेले. आंध्र प्रदेशात अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचे उघड झाले. काही मुलींच्या मृत्यूंच्या वृत्तानंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प स्थगित झाला. चौकशीत या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. परंतु संसदीय स्थायी समितीने २०१३च्या अहवालात संमतीच्या पद्धतीवर आणि प्रकल्पाच्या स्वरूपावर कठोर टीका केली. शासकीय लसीकरणाचा दिवस आणि संशोधनाचा दिवस यांतील फरक आश्रमशाळेतील मुलीला कोणी सांगितला नव्हता. ‘प्रात्यक्षिक’ हा तिसरा शब्द दोन्ही व्यवस्थांच्या मधल्या फटीत बसला.

६. आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या दारी

वर्धा जिल्ह्याच्या सद्यःकालीन इतिहासात हा प्रश्न आरोग्यक्षेत्राच्या बाहेरही उभा राहिला. कापूस उत्पादक विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयापुढील प्रकरणात टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये अहवाल दिला. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या वतीने श्रीजित मिश्र यांनी राज्य शासनाला २००६ मध्ये सादर केलेल्या अहवालासाठी वर्धा, वाशीम व यवतमाळ या जिल्ह्यांतील आत्महत्याग्रस्त कुटुंबांची इतर शेतकरी कुटुंबांशी तुलना केली. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. त्यानंतर योजनांची मूल्यमापने, विद्यापीठीय प्रबंध, स्वयंसेवी संस्थांच्या पाहण्या आणि वृत्तपत्रीय शोध यांची रीघ लागली.

एका शेतकरी विधवेच्या दृष्टीने हा क्रम पाहावा. प्रथम महसूल खात्याची चौकशी होते. कर्ज, नापिकी व वसुलीचा तगादा यांविषयी तिने दिलेल्या उत्तरांवर प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ आणि १ लाख रुपयांची मदत मिळणार की नाही, हे ठरते. त्यानंतर येणारा प्रत्येक जण जवळपास तेच प्रश्न विचारतो. हातात वही आणि तोंडी सहानुभूती असलेला प्रत्येक पाहुणा तिला शासनाचा माणूस वाटणे स्वाभाविक आहे. उत्तर देण्यास नकार दिला तर मदत अडेल, या भीतीने ती पुनःपुन्हा तोच आघात शब्दांत मांडते. सावकाराचे नाव घेतले तर त्याच गावात तिला राहावयाचे आहे. घरातील वाद सांगितला तर सासरचा आधार जाण्याची शक्यता आहे. पाहणी करणारा निघून जातो. बोललेले शब्द मात्र गावात उरतात.

अशा ठिकाणी प्रशासकीय चौकशीला नैतिकता समितीची आवश्यकता नसते, कारण ती कायदेशीर कर्तव्याचा भाग असते. योजनेच्या मूल्यमापनाला सूट मिळू शकेल. प्रबंधाला मात्र परीक्षण हवे. परंतु तिन्ही प्रसंगी ‘मी कोण, कशासाठी आलो, तुम्ही नाही म्हटल्यास मदतीवर काहीही परिणाम होणार नाही’ एवढे सांगण्याचे कर्तव्य संशोधकाचे व मूल्यमापकाचे सारखेच आहे. शासकीय अधिकाऱ्याला शेवटचे वाक्य म्हणता येत नाही, आणि म्हणूनच इतरांनी ते न विसरता म्हटले पाहिजे.

७. भेदाचे निकष

उपरोक्त विवेचनावरून पुढील प्रश्न उपयुक्त ठरतील असे वाटते.

(अ) काम कोणासाठी आहे? निष्कर्ष त्याच कार्यक्रमाच्या चालकांकडे परत जाणार असतील तर ते मूल्यमापनाकडे झुकते. अन्य ठिकाणी लागू करण्यासाठी रचना केली असेल तर ते संशोधन होय.

(आ) भार आणि लाभ एकाच व्यक्तीकडे आहेत काय? कार्यक्रमात नसलेली तपासणी, औषध, मुलाखत किंवा तुलनेचा गट ज्ञानाच्या गरजेपोटी जोडला असेल, तर ते काम संशोधन म्हणून परीक्षणास जावे.

(इ) नकार देणे शक्य आहे काय? लाभ देणारा आणि प्रश्न विचारणारा एकच असेल, तर नाव काहीही असले तरी अधिक दक्षता आवश्यक आहे.

(ई) माहिती कोठे जाणार? व्यक्तीची किंवा लहान गावाची ओळख पटू शकत असेल, तर सूट मागू नये. केवळ नाव वगळल्याने शंभर घरांच्या गावात ओळख लपत नाही.

(उ) प्रसिद्ध करण्याचा विचार केव्हा झाला? प्रकाशन हा स्वतः निकष नाही. मूल्यमापनही प्रसिद्ध होऊ शकते. परंतु पुढे शोधनिबंध लिहिण्याची शक्यता आरंभीच दिसत असेल, तर प्रस्ताव आरंभीच समितीपुढे ठेवावा. विचार नंतर सुचला असेल, तर आधीच जमा झालेल्या माहितीच्या दुय्यम वापरासाठी लेखनापूर्वी समितीचा सल्ला घ्यावा.

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर संशयास्पद असल्यास निर्णय स्वतः न घेता समितीवर सोपवावा. ज्या महाविद्यालयांत अशी समिती नाही, त्यांनी विद्यापीठाच्या किंवा जवळच्या संस्थेच्या समितीशी संबंध जोडणे इष्ट ठरेल.

८. निष्कर्ष

संशोधन व मूल्यमापन यांतील भेद खरा आहे. तो पुसून टाकल्यास प्रत्येक लहानसहान आढावा समितीच्या टेबलावर अडकेल आणि कार्यक्रम सुधारणे अवघड होईल. परंतु हा भेद परीक्षण कोणी करावयाचे हे सांगतो. काळजी घ्यावयाची की नाही हे सांगत नाही. सेवाग्राम परिसरातील कुष्ठसर्वेक्षणाने दाखवून दिले की सेवेची नोंदही एखाद्याचा संसार मोडू शकते, आणि प्रतिबंधक औषधाच्या अभ्यासाने दाखवून दिले की एकाच संस्थेच्या एकाच सद्हेतूतून दोन भिन्न नैतिक जबाबदाऱ्या निर्माण होतात. सद्हेतू ही वर्ध्याच्या परंपरेची मोठी शक्ती आहे. सद्हेतूच्या माणसाला आपल्या कामाची दुसऱ्याकडून तपासणी करून घेण्याची गरज भासत नाही, ही मात्र त्याच परंपरेतील उणीव म्हणावी लागेल. विद्यार्थ्याच्या हाती प्रश्नावली देऊन त्याला गावात पाठविण्यापूर्वी प्राध्यापकांनी वरील पाच प्रश्न स्वतःला विचारले, तर पुढे मान्यतेच्या क्रमांकाचा प्रश्न सहसा उद्भवणार नाही. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या घरी तो विद्यार्थी जाईल त्या घराला त्याच्या भेटीचा पश्चात्ताप होणार नाही.